वाचकांचे प्रश्न : थंडीत उभी राहणारी यंत्रे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे थंडी आणि बांधकामावरची छोटी यंत्रे या विषयावरची आहेत. ती लेहपासून निफाडपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणांहून आली असली, तरी प्रश्न एकमेकांना लागून असल्याने आम्ही ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्रात जवळजवळ सगळेच मुद्दे आल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे माण तालुक्यातले. दोन वर्षांपासून लेहजवळ रस्त्याच्या संरक्षक भिंती आणि मोऱ्या यांची छोटी कामे उपकंत्राटाने करतो. आमच्याकडे एक मिनी एक्स्कॅव्हेटर, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा मिक्सर, पेट्रोलवरचा प्लेट कॉम्पॅक्टर (माती-खडी ठोकून बसवणारे यंत्र), पाणी उपसण्याचा पंप आणि जनरेटर आहे. ऑक्टोबरअखेर माणसे गावी परततात, पण यंत्रे खाली आणण्याचे भाडे परवडत नाही, म्हणून ती तिथेच ताडपत्रीखाली ठेवतो. चौकीदार दर रविवारी सगळी इंजिने दहा मिनिटे चालवतो. तरीही या मे महिन्यात मिक्सरच्या इंजिनाचा ब्लॉक तडकलेला निघाला, दोन बॅटऱ्या फुगल्या होत्या आणि एक्स्कॅव्हेटर आठवडाभर चालताच सिलिंडरमधून तेल गाळू लागला. थंडीपासून बचाव कसा करावा?

उत्तर : सर्वप्रथम रविवारची दहा मिनिटे बंद करा. यंत्र अधूनमधून चालवले की ते ताजे राहते हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे आणि सातारा-सोलापुरात त्याने फारसे बिघडतही नाही, परंतु लेहच्या जानेवारीत तोच उपाय यंत्राच्या मुळावर येतो. एक लिटर डिझेल जळते तेव्हा सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन पुरते तापलेले असले तर ही वाफ धुराड्यातून निघून जाते, पण उणे पंधरा अंशांत दहा मिनिटे नुसते घुरघुरणारे इंजिन तापतच नाही. मग त्यातली काही वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, काही सायलेन्सरमध्ये थिजते, आणि सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढी वीज गेली तेवढी परत भरण्याआधीच इंजिन बंद होते. म्हणजे आपला चौकीदार दर रविवारी इमानेइतबारे इंजिनात थोडे पाणी घालीत होता आणि बॅटरी थोडी थोडी उतरवीत होता. यात त्याचा दोष नाही. यंत्र चालवायचेच असेल तर ते पूर्ण तापेपर्यंत, हायड्रॉलिकचे सर्व लिव्हर फिरवून, तासभर तरी चालवावे. ते जमणार नसेल तर संपूर्ण हिवाळा त्याला हातही लावू नये. मी दुसरा पर्याय निवडेन.

आता ब्लॉकविषयी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बिडाच्या भिंतीला ताणले जाणे माहीत नसते, त्यामुळे ब्लॉकला तडा गेला. मिक्सरच्या साध्या एक सिलिंडरी इंजिनात आपण नळाचे किंवा नाल्याचे पाणी वापरत असणार. अशा इंजिनातले पाणी हंगामाच्या शेवटच्या दिवशी, इंजिन कोमट असतानाच काढावे. रेडिएटर किंवा टाकीचा कॉक उघडून थांबू नये, ब्लॉकवरचा ड्रेन प्लगही सोडवावा, आणि धार थांबल्यावर भोकात तार घालून पाहावी, कारण क्षार आणि गाळ साचून भोक बुजलेले असते आणि पाणी संपले असे वाटत असताना निम्मे आतच राहते. प्लग परत न लावता एका पिशवीत घालून स्टिअरिंगला किंवा हँडलला बांधून ठेवावा, म्हणजे मे महिन्यात तो बसवल्याशिवाय कोणी इंजिन चालू करणार नाही. पाणी उपसण्याच्या पंपाची गोष्टही हीच आहे: त्याच्या केसिंगच्या तळाचा प्लग काढून पंप एका अंगावर कलंडवावा. छोटा रोलर असल्यास त्याची पाणी शिंपडण्याची टाकी आणि नळी, कॉम्प्रेसर असल्यास त्याच्या टाकीतले साचलेले पाणी, आणि ट्रॅक्टर असल्यास वजनासाठी टायरमध्ये भरलेले पाणी, हेही विसरू नये. महाराष्ट्रातून गेलेल्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी आहे हे मालकालाही आठवत नसते.

एक्स्कॅव्हेटर आणि जनरेटरमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे, सहजी न गोठणारे द्रव) असते म्हणून आपण निर्धास्त असाल, तर त्याचे प्रमाण तपासून घ्या. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे निम्मे असले तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. समजा, यंत्रात १२ लिटर असे मिश्रण होते, हंगामात त्यातले ४ लिटर गळाले आणि ऑपरेटरने त्या जागी साधे पाणी ओतले, तर ग्लायकॉलचे प्रमाण ३३ टक्क्यांवर येते आणि गोठणबिंदू उणे १८ च्या आसपास सरकतो. लेहमध्ये रात्रीचे तापमान उणे वीसखाली जाऊ शकते, द्रासला तर त्याहून कितीतरी खाली. आपल्याकडे एकास तीन या प्रमाणात कूलंट मिसळण्याची सवय आहे. ते मिश्रण साधारण उणे १२ लाच गोठू लागते. रंग हिरवा आहे म्हणजे कूलंट ठीक आहे असे नाही. थेंबभर कूलंटवरून गोठणबिंदू दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर फार महाग नसतो, तो घ्यावा. आणि जास्त म्हणजे अधिक चांगले असेही समजू नये, कारण निव्वळ ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांनाच गोठते. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे काढलेले कूलंट उघड्या बादलीत ठेवू नये. लेहमध्ये मोकाट कुत्री पुष्कळ आहेत.

उन्हाळ्यातही त्या उंचीवर साध्या पाण्याचा भरवसा नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि उघडे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून रेडिएटरचे झाकण, त्याची स्प्रिंग आणि रबर यांना तिथे विशेष महत्त्व आहे.

बॅटऱ्या फुगण्याचे कारण त्या उतरलेल्या होत्या हेच. पूर्ण चार्ज बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, निम्मी उतरलेली बॅटरी उणे २५ च्या सुमारास गोठते, आणि अगदी उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरलेले असल्यामुळे ती उणे ८ ते १० अंशांतच गोठून फुगते. शेवटच्या दिवशी बॅटऱ्या काढाव्यात, पूर्ण चार्ज कराव्यात (विश्रांतीनंतर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले पाहिजेत), टर्मिनल पुसून त्यांना व्हॅसलीन लावावे आणि शहरात वीज असलेल्या खोलीत ठेवून दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज कराव्यात. थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे खोली उबदार असण्याची गरज नाही. उलट, जिथे बुखारी (खोली तापवण्याची शेगडी) पेटलेली असते त्या खोलीत चार्जर लावू नये, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. गोठलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये किंवा तिला जंपर लावू नये. ती फुटू शकते.

सिलिंडर गळू लागला त्याचे मूळ बहुधा यंत्र उभे करण्याच्या पद्धतीत आहे. बूम (यंत्राला जोडलेला मोठा हात) उंच आणि आर्म (त्यापुढचा, बकेट धरणारा हात) पोटाशी दुमडलेला, अशा रुबाबदार पवित्र्यात एक्स्कॅव्हेटर उभा केला की सिलिंडरचे चकचकीत रॉड सहा महिने उघडे राहतात. त्यांच्यावर दव गोठते, क्रोमवर बारीक गंजाचे ठिपके येतात, आणि मे महिन्यात पहिल्याच हालचालीत ते ठिपके कानशीसारखे सीलवरून फिरतात. सील तेव्हा फाटते आणि गळती आठवड्याने दिसते. त्यासाठी बूम खाली, आर्म पुढे लांबवलेला आणि बकेट उघडी, अशा स्थितीत यंत्र जमिनीवर पसरून ठेवावे, म्हणजे तिन्ही ठिकाणचे रॉड सिलिंडरच्या आत जातात. याला जागा जास्त लागते आणि यंत्र दमून पडल्यासारखे दिसते, पण हीच योग्य रीत आहे. पुढच्या ब्लेडच्या सिलिंडरचा जो भाग उघडा राहील त्याला ग्रीसचा जाड थर द्यावा. इंजिन बंद केल्यावर चावी चालू ठेवून लिव्हर चार-सहा वेळा हलवले की पाइपांमधला दाब उतरतो. ट्रॅकमधला चिखल खरवडून काढावा आणि यंत्र फळ्यांवर उभे करावे, नाहीतर ओल्या मातीत ट्रॅक गोठून धरले जातात.

इंजिन ऑइल हंगामाच्या सुरुवातीला नव्हे, शेवटी बदलावे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो. तो सहा महिने बेअरिंगांवर कशाला ठेवायचा? नवे ऑइल घालून इंजिन १५-२० मिनिटे चालवले की ते सगळीकडे पोचते. मे ते ऑक्टोबर कामासाठी १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑइल पुरते ('डब्ल्यू'च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ). हिवाळ्यातही काम असेल तर हे लक्षात घ्यावे की १५डब्ल्यू ऑइलची थंडीत इंजिन फिरू देण्याची क्षमता उणे २० अंशांना तपासलेली असते, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला.

डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, कारण रिकाम्या टाकीच्या भिंतींवर आतून दव धरते. मात्र ते डिझेल कोणते हे महत्त्वाचे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखमध्ये आणले. जुने डिझेल शक्य तितके संपवून मगच हे भरावे, कारण त्यात साधे डिझेल मिसळले की त्याचा गुण कमी होतो. आणि भरल्यावर इंजिन अर्धा तास चालवावे, म्हणजे फिल्टर, पंप आणि नोझलपर्यंत तेच पोचते. वॉटर सेपरेटरचा तळ त्याआधी मोकळा करावा.

प्लेट कॉम्पॅक्टरचे पेट्रोल याच्या अगदी उलट : टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही पूर्ण रिकामे करावेत. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते, आणि सहा महिन्यांत कार्बोरेटरच्या वाटीत चिकट साका धरतो. शेवटी दोरी हळू ओढून जिथे जोर लागतो तिथे थांबावे, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहून सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही.

ताडपत्रीविषयी एकच सांगतो. लेहमध्ये बर्फ फारसा पडत नाही, पण ऊन अतिशय प्रखर असते आणि त्यानेच होज पाइपांचे रबर चिरते. म्हणून झाकण हवेच, परंतु ते जमिनीपर्यंत आवळून बांधू नये. खालून हातभर मोकळे ठेवावे, म्हणजे आत दव धरणार नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात शेततळ्यांची कामे बॅकहोने करतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे यंत्र चालू करताना पांढरा धूर येतो आणि गेल्या वर्षी दोनदा डिझेल फिल्टर चोक होऊन इंजिनाने एअर घेतली. फिल्टर कापून पाहिला तर आत मेणासारखा थर होता. आमच्याकडे तापमान शून्याखाली जात नाही, मग डिझेल कसे जमले? ऑपरेटर रॉकेल मिसळायचे म्हणतो.

उत्तर : डिझेल जमायला शून्य अंश लागत नाहीत. डिझेलमध्ये मुळातच पॅराफिन मेण विरघळलेले असते आणि थंडीत त्याचे कण वेगळे होऊन फिल्टरच्या कागदावर बसतात. टाकीतले डिझेल पातळच दिसते, पण फिल्टरपुढे जात नाही. भारतीय मानकानुसार हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, विकल्या जाणाऱ्या डिझेलसाठी फिल्टर अडण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलसाठी मात्र ती १८ अंश आहे. बाजारातले डिझेल बहुधा या मर्यादेपेक्षा पुष्कळ चांगले असते, तरीही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बॅरलमध्ये भरून ठेवलेले डिझेल आपण डिसेंबरात पहाटे वापरत असाल, तर निफाडच्या चार-पाच अंशांत हे होणारच. आपण बॅरलविषयी लिहिलेले नाही, पण माझा संशय तिथेच आहे. साठा आठ-दहा दिवसांपुरताच ठेवा, जुना असेल तो दुपारच्या कामाला वापरून संपवा, आणि बॅरलच्या तळाचे चार बोटे डिझेल कधीच टाकीत ओतू नका, कारण पाणी तिथेच असते.

रॉकेल मिसळू नये. त्याने मेणाचा त्रास कमी होतो हे खरे असले, तरी डिझेल पंप आणि नोझल यांना लागणारे वंगण डिझेलमधूनच मिळते आणि रॉकेलमध्ये ते कमी असते. नव्या कॉमन रेल (फार उच्च दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचा पंप त्याने निकामी होऊ शकतो, शिवाय ती कायद्याने भेसळ ठरते. टाकीखाली चिंध्या पेटवण्याचा उपायही काही जण करतात. द्राक्षबागेत थंडीपासून बचावासाठी शेकोट्या करणे वेगळे आणि डिझेलच्या टाकीखाली जाळ करणे वेगळे. अडलेच तर फिल्टरवर आणि पाइपवर कढत पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळावीत.

पांढरा धूर म्हणजे थंड सिलिंडरमध्ये न जळलेले डिझेल. तो पाच-सात मिनिटांत थांबत असेल तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही राहिला तर नोझल आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या, आणि त्याबरोबर रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

प्रश्न : केलाँगजवळच्या कामावर आमचा नवा लोडर आहे, त्यात डिझेलशिवाय डीईएफ (धुरातले घातक वायू कमी करणारे द्रव) भरावे लागते. हिवाळ्यात हे द्रव गोठते असे ऐकले. टाकी भरून ठेवावी की रिकामी?

उत्तर : डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते उणे ११ अंशांना गोठते आणि गोठताना फुगते, म्हणून डिझेलच्या उलट ही टाकी काठोकाठ भरू नये, वर मोकळी जागा ठेवावी. ते गोठल्याने खराब होत नाही. यंत्र चालू झाल्यावर टाकीतला हीटर ते वितळवतो आणि तोवर इंजिन चालू शकते अशीच रचना असते. खरी चूक बंद करताना होते. चावी फिरवल्यानंतर पंप काही मिनिटे नळीतले डीईएफ टाकीत परत ओढतो. त्याचा बारीक आवाज ऐकू येतो. ऑपरेटरने घाईने बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला, तर द्रव नळीत आणि पंपातच राहते, रात्री गोठते आणि पंप फोडते. चावी काढा, ट्रॅकभोवती एक चक्कर मारून यंत्र पाहा आणि मग स्विच बंद करा. लोडरला टायर असतील तर टायरभोवती मारा. मुद्दा त्या काही मिनिटांचा आहे. डीईएफमध्ये ग्लायकॉल किंवा कोमट पाणी कदापि मिसळू नये.

प्रश्न : कॅलगरीत राहतो. घरांच्या आवारकामासाठी छोटा स्किड-स्टिअर (जागच्या जागी वळणारा लोडर) आहे आणि तो हिवाळ्यात बर्फ काढण्यासाठीही वापरतो. ब्लॉक हीटर (इंजिनातले कूलंट तापवणारा विजेचा हीटर) रात्रभर लावून ठेवावा का?

उत्तर : गरज नाही. टायमर लावून काम सुरू करण्याआधी तीन-चार तास हीटर चालू राहिला तरी कूलंट पुरेसे तापते. त्यापुढे फक्त विजेचे बिल वाढते. कॅलगरीत हिवाळ्यात पंपावर मिळणारे डिझेल हंगामानुसार बदललेले असतेच, त्यामुळे लक्ष हायड्रॉलिक ऑइलकडे द्यावे. ब्लॉक हीटर ते तापवत नाही. उन्हाळी, दाट (व्हीजी ४६ किंवा ६८ प्रतीचे) ऑइल घातलेले असेल तर उणे २५ अंशांत पंपाला ते ओढताच येत नाही आणि तो किंचाळतो. यंत्रपुस्तिकेत दिलेले हिवाळी ऑइल घाला, आणि सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे बकेट रिकामी, हळू वरखाली करा.

प्रश्न : मी मंगळवेढ्याचा, कारगिलमध्ये मिनी एक्स्कॅव्हेटरवर ऑपरेटर आहे. मे महिन्यात हंगाम उघडतो तेव्हा मालक पहिल्या दिवसापासून काम मागतात. उभे राहिलेले यंत्र चालू करताना किमान काय करावे?

उत्तर : मालकांना सांगा की पहिला दिवस यंत्राचा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घातला असेल तर तो आधी काढा. एअर फिल्टरचे भांडे उघडा, कारण उंदरांना ती जागा घरासाठी फार आवडते. वायरिंगची कातडी कुरतडलेली नाही ना, तेही पाहा. पिशवीत बांधून ठेवलेले ड्रेन प्लग बसवा. इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहा : ऑइल पांढुरके, ताकासारखे दिसले तर त्यात पाणी आहे, ते बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका. सेपरेटरमधले पाणी सोडा, हाताच्या पंपाने डिझेल भरून एअर काढा. मग डिझेल बंद ठेवून सेल्फ दहा सेकंद फिरवा, म्हणजे टर्बो आणि बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचते. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नका; त्याने पिस्टन फुटतात आणि हातही भाजतात.

रॉडवरचे जुने ग्रीस काम सुरू करण्याआधी कापडाने पूर्ण पुसा, कारण त्यात हिवाळाभरची वाळू बसलेली असते. सर्व निपलांना ताजे ग्रीस मारा. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक सिलिंडर अर्धाच उघडा, शेवटपर्यंत नेऊन दाबू नका. नंतरचे दोन दिवस दर दोन-तीन तासांनी यंत्र थांबवून खालची जमीन पाहा, आणि डाग दिसला तर तो कोणत्या सांध्याखाली आहे आणि हिरवा आहे, काळा आहे की मधाच्या रंगाचा आहे, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा.